टिकाऊपणा कोणी ठरवायचा?

नवा स्मार्टफोन बाजारात आला की त्यापाठोपाठ तुलनेचे तक्ते प्रसिद्ध होतात. एका बाजूस अॅपलचा आयफोन, दुसऱ्या बाजूस सॅमसंगचा गॅलेक्सी, आणि कमी किमतीच्या वर्गात शाओमी, विवो, ओप्पो आदी कंपन्यांचे फोन. कोणाच्या कॅमेऱ्यात किती मेगापिक्सेल, कोणाचा पडदा किती तेजस्वी, कोणाची बॅटरी किती मिनिटांत भरते, याचे आकडे शेजारी शेजारी मांडलेले असतात. या तक्त्यांत एक रकाना बहुधा नसतो. असलाच तर अगदी तळाशी, लहान अक्षरांत असतो. हा फोन किती वर्षे चालेल, आणि बिघडला तर तो कोण, कोठे व किती पैशांत दुरुस्त करू शकेल, हा तो रकाना होय.

हा प्रश्न हौशी ग्राहकांचा आहे, कष्टकऱ्यांच्या चळवळीला त्याचे काय, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. बँक खात्याचा सांकेतिक क्रमांक फोनवर येतो. घरपोच माल पोहोचवणाऱ्या कामगाराला काम मिळते तेच फोनवर. अंगणवाडी सेविकेला बालकांचे वजन आणि उंची फोनमध्ये नोंदवावी लागते. गवंड्याच्या हाती थापी तसा या सर्वांच्या हाती फोन आला आहे. फरक इतकाच की गवंड्याची थापी दोन-तीन वर्षांनी कंपनीच्या इच्छेने निरुपयोगी होत नाही. हत्यार टिकते किती, हा मजुरीचाच प्रश्न आहे. कारण ते मोडले की त्याचा खर्च मजुरीतूनच जातो.

बाजाराचे समर्थक सांगतात की स्पर्धेमुळे वस्तू सुधारतात. स्मार्टफोनांच्या बाबतीत हे अर्धे खरे आहे. कॅमेरे सुधारले, पडदे सुधारले, वेग वाढला. परंतु ज्या गोष्टींमुळे फोन अधिक वर्षे चालतो वा ग्राहकाचा पैसा वाचतो, त्यांच्याबाबत प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांशी स्पर्धा केली की एकमेकांचे अनुकरण केले, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

बॅटरीचे उदाहरण घ्यावे. २००७ साली पहिला आयफोन आला तो बंद बॅटरीचा होता. मालकाला ती काढता येत नसे. सॅमसंगच्या फोनांची बॅटरी तेव्हा आणि त्यानंतरही अनेक वर्षे नखाने मागचे झाकण उघडून बदलता येई. २०१४ सालचा गॅलेक्सी एस ५ तर पाणी व धूळ यांना दाद न देणारा म्हणून प्रमाणित होता, आणि तरीही त्याची बॅटरी काढता येत होती. पुढच्याच वर्षीच्या एस ६ मध्ये बॅटरी बंद झाली. पाण्यापासून संरक्षण हवे तर फोन चिकटवून बंद करावाच लागतो, हे कारण पुढे वारंवार सांगण्यात आले. बंद बांधणीमुळे फोन अधिक पातळ होतो व पाणी रोखणे सोपे जाते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दुसरा मार्गच नव्हता, हा दावा खुद्द एस ५ नेच खोटा पाडला होता.

हेडफोनच्या छिद्राचीही कथा अशीच. २०१६ साली आयफोन ७ मधून अॅपलने ते काढून टाकले, तेव्हा सॅमसंगने जाहिरातींतून त्याची टर उडवली. २०१९ साली गॅलेक्सी नोट १० मधून सॅमसंगनेही ते काढले. २०२० साली अॅपलने खोक्यातून चार्जर वगळला; त्यावरही थट्टा झाली, आणि २०२१ च्या जानेवारीत गॅलेक्सी एस २१ चे खोके चार्जरविनाच आले. कोणताही करार करण्याची गरज पडली नाही. एकाने ग्राहकाच्या खिशात हात घातला आणि ग्राहक ओरडूनही विकत घेतो असे दिसले, की दुसऱ्याचाही हात तेथे पोहोचतो.

पूर्वीच्या भांडवलदारांना यासाठी उघड संगनमत करावे लागत असे. १९२४ साली जिनिव्हात युरोप-अमेरिकेतील विजेच्या दिव्यांच्या मोठ्या उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापला आणि दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले. ज्या कारखान्याचे दिवे त्याहून अधिक काळ जळत, त्याला दंड भरावा लागे. आजच्या फोन-उद्योगात असा संघ असल्याचा आरोप करण्याचे कारण नाही. तशी आवश्यकताच उरलेली नाही, हे अधिक चिंतेचे आहे.

टिकाऊपणाची जाहिरात मात्र जोरात होते. ‘आयपी ६८’ ही खूण आता महाग फोनांवर सर्रास असते. यातील पहिला आकडा धुळीपासून पूर्ण संरक्षण दाखवतो, दुसरा पाण्यात बुडवण्याच्या चाचणीचा आहे. ही चाचणी स्थिर, गोड्या पाण्यात, प्रयोगशाळेत, नव्याकोऱ्या फोनवर होते. वापराबरोबर आतील रबर आणि गोंद झिजतात. फोन पाण्याने बिघडला तर सामान्य हमीतून तो दुरुस्त करून मिळत नाही, असे नियमांत लिहिलेले असते. म्हणजे फोन पाण्याला दाद देत नाही असे जाहिरात सांगते आणि पाण्याची जबाबदारी आमची नाही असे हमीपत्र सांगते. ही विसंगती इटलीच्या स्पर्धा-नियामकाने नोव्हेंबर २०२० मध्ये पकडली आणि अॅपलला १ कोटी युरोचा दंड केला. ऑस्ट्रेलियात ग्राहक आयोगाने सॅमसंगला न्यायालयात खेचले. काही गॅलेक्सी फोन पोहण्याच्या तलावात व समुद्रात वापरता येतात, असे जाहिरातींतून सुचवले गेले होते. प्रत्यक्षात चार्जिंगचे छिद्र ओले राहून गंजण्याचा धोका होता. जून २०२२ मध्ये तेथील न्यायालयाने १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. कोणाचा फोन पाण्यात अधिक टिकतो या वादात दोन्ही प्रतिस्पर्धी एकाच प्रकारच्या दोषाचे धनी ठरले.

काचेबाबतही असेच. दरवर्षीची काच आधीच्या वर्षापेक्षा मजबूत असल्याचे सांगितले जाते. परंतु पडून न फुटणे आणि ओरखडा न उठणे हे दोन भिन्न गुण आहेत, आणि वाळूतील गारेचा कण काचेहून कठीण असतो. बांधकामावर वा शेतात काम करणाऱ्याच्या खिशात वाळू असणारच. तेथे दोनशे रुपयांची वरून चिकटवायची काच ही ब्रँडच्या नावापेक्षा अधिक उपयोगी ठरते. जे फोन पुस्तकासारखे मिटतात, त्यांची तर गोष्टच निराळी. सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी फोल्ड २०१९ च्या एप्रिलमध्ये परीक्षणासाठी दिला गेला, तेव्हा काही परीक्षकांच्या हाती तो दोन-तीन दिवसांतच बिघडला आणि विक्री सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलावी लागली. नवे वैशिष्ट्य आधी विकायचे आणि टिकाऊपणा मागाहून पाहायचा, हा क्रम त्यातून स्पष्ट झाला.

आता फोनच्या आयुष्याच्या गाभ्याकडे येऊ जाता दोन गोष्टी महत्त्वाच्या दिसतात: बॅटरी आणि सॉफ्टवेअर. लिथियम-आयन बॅटरी ही प्रत्येक भरण्यागणिक थोडी थोडी म्हातारी होते, आणि उष्णतेने हे वार्धक्य लवकर येते. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुचाकीच्या हँडलला लावलेला फोन आणि वातानुकूलित कचेरीतील फोन यांच्या बॅटऱ्या सारख्या टिकणार नाहीत. अॅपलच्या स्वतःच्या सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० वेळा पूर्ण भरल्यानंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरतील अशा आखलेल्या आहेत. आयफोन १५ पासून हा आकडा १,००० आहे. रोज एकदा पूर्ण भरणाऱ्यासाठी पाचशेचा अर्थ दीड वर्षाहून थोडे कमी असा होतो.

बॅटरी झिजणे हा निसर्गनियम आहे. परंतु झिजलेल्या बॅटरीचे काय करायचे, हा निसर्गनियम नव्हे. डिसेंबर २०१७ मध्ये अॅपलला मान्य करावे लागले की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग कंपनी सॉफ्टवेअरमधून कमी करत होती. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले, असे तिचे म्हणणे होते, आणि तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्यही होते. पण ग्राहकाला ते सांगितलेले नव्हते. फोन मंदावला, म्हणजे तो म्हातारा झाला, म्हणजे नवा घ्यावा, असाच निष्कर्ष लाखो लोकांनी काढला असणार. वास्तविक बॅटरी बदलून भागले असते. फ्रान्समध्ये २०२० साली या लपवाछपवीबद्दल २ कोटी ५० लाख युरोचा दंड झाला. इटलीत त्याआधीच, ऑक्टोबर २०१८ मध्ये, नव्या अपडेटने जुने फोन मंद केल्याबद्दल अॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोचा दंड झाला होता. येथेही प्रतिस्पर्धी एकाच कठड्यात उभे होते.

सॉफ्टवेअरचे मरण बॅटरीहून वाईट, कारण ते दिसत नाही. फोन शाबूत असतो, पडदा उजळतो, आवाज येतो. पण कंपनीने सुरक्षा-अपडेट थांबवले की चोरवाटा उघड्या राहतात आणि कालांतराने अॅप चालेनासे होतात. या बाबतीत मात्र प्रतिस्पर्ध्यांत खरा फरक होता, आणि तो मान्य केला पाहिजे. २०१५ च्या आयफोन ६ एस ला २०२१ ची नवी ऑपरेटिंग सिस्टिमही मिळाली. त्याच काळातील बहुतेक अँड्रॉइड फोनांना दोन-तीन वर्षांत वाऱ्यावर सोडले जाई. कमी पगाराचा माणूस स्वस्त अँड्रॉइड घेई आणि त्याचाच फोन आधी मरे. मग २०२३ साली गुगलने पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ ला सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले. त्याच वर्षी सॅमसंगने गॅलेक्सी ए १६ या तुलनेने स्वस्त फोनालाही सहा वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. नेदरलँड्समधील फेअरफोन या छोट्या कंपनीने तर २०२३ च्या आपल्या फोनाला किमान आठ वर्षे सॉफ्टवेअर देऊ केले, आणि त्याची बॅटरी हाताने व पडदा साध्या स्क्रूड्रायव्हरने बदलता येतो.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. २०१५ साली दोन-तीन वर्षेच शक्य असलेले अपडेट २०२४ साली सात वर्षे शक्य कसे झाले? विज्ञानाचा कोणता नवा शोध लागला? असा शोध लागलेला नाही. बदलले ते बाहेरचे वातावरण. फ्रान्सने २०१५ साली वस्तूचे आयुष्य हेतुपुरस्सर कमी करणे हा गुन्हा ठरवला आणि २०२१ पासून फोनवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे बंधनकारक केले. युरोपीय संघाचे नियम येऊ घातले होते आणि ते कंपन्यांना दिसत होते. फोनचे आयुष्य हे त्याच्या काचेत वा धातूत दडलेले नसते. ते कंपनीच्या बैठकीत ठरते, आणि लोकांनी रेटा लावला तर कायदेमंडळात ठरते.

युरोपीय संघाचे ते नियम २० जून २०२५ पासून लागू झाले. त्यांनुसार बॅटरी ८०० वेळा भरल्यावरही ८० टक्के क्षमता राखणारी असावी लागते. संरक्षक कव्हराविना फोन ४५ वेळा पडण्याची चाचणी उतरावा लागते. महत्त्वाचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षे, आणि मागणीनंतर ५ ते १० कामाच्या दिवसांत मिळाले पाहिजेत. शेवटचा नग बाजारात आल्यापासून पाच वर्षे ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट उपलब्ध असले पाहिजेत. बाहेरच्या व्यावसायिक कारागिरालाही दुरुस्तीसाठी लागणारे सॉफ्टवेअर भेदभावाविना द्यावे लागते. शिवाय खोक्यावरील पट्टीवर पडण्याला तोंड देण्याची आणि दुरुस्तीयोग्यतेची श्रेणी छापावी लागते. तुलनेच्या तक्त्यातला हरवलेला रकाना अशा रीतीने कायद्याने छापून घेतला. चार्जरचेही तसेच. २०१२ पासून आयफोनला स्वतःचीच वायर लागे. युरोपने सर्वांना एकच जोडणी सक्तीची केली तेव्हा २०२३ च्या आयफोन १५ पासून अॅपलने टाइप-सी स्वीकारली, आणि ती केवळ युरोपात नव्हे तर जगभर.

भारतात या प्रश्नाची धग कोणाला लागते, हे २०२१ साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी दाखवून दिले. २०१९ च्या सुमारास राज्यात एक लाखाहून अधिक फोन त्यांना शासनाकडून देण्यात आले होते. त्यांची स्मृतिक्षमता अवघी २ जीबी होती. दोन वर्षांत ते तापू लागले, अडकू लागले, हमीची मुदत संपली, आणि दुरुस्तीचा हजारो रुपयांचा भुर्दंड तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेविकांवर पडू लागला. अशातच केंद्र शासनाचे ‘पोषण ट्रॅकर’ हे अॅप आले. ते त्या फोनांना पेलवत नव्हते आणि नोंदी इंग्रजीत कराव्या लागत होत्या. ऑगस्ट २०२१ पासून सेविकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत ते फोन शासनाला परत केले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नव्या मोबाईलची मागणी होती. पगारवाढीच्या मागणीशेजारी फोनच्या दर्जाची मागणी ठेवणाऱ्या या स्त्रियांनी एक मोठी गोष्ट ओळखली होती: खरेदी करणाऱ्याने टिकाऊपणा न पाहता किंमत पाहिली की उरलेली किंमत वापरणारा भरतो.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक पोर्टल सुरू केले. फोन व उपकरणांसाठी दुरुस्तीयोग्यता निर्देशांक सुचवण्याकरिता २०२४ साली आणखी एक समिती नेमली गेली आणि २०२५ साली तिचा अहवाल सादर झाला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु पोर्टलवर कंपनीने स्वखुशीने माहिती देणे आणि सात वर्षे सुटा भाग पुरवण्याची सक्ती असणे यांत महदंतर आहे. जे युरोपच्या ग्राहकाला कायद्याने मिळते, ते त्याच कंपनीचा फोन घेणाऱ्या बीडच्या वा चंद्रपूरच्या ग्राहकाला केवळ कंपनीच्या मर्जीने का मिळावे?

यावर आक्षेप येतील, आणि त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की टिकाऊ फोन महाग पडेल आणि गरिबाच्या हातून जाईल. साधा हिशेब करून पाहावा. दहा हजारांचा फोन दोन वर्षे चालला तर वर्षाला पाच हजार पडतात. अठरा हजारांचा सहा वर्षे चालला तर तीन हजार. आज गरीबच फोनवर अधिक खर्च करतो, कारण एकरकमी अठरा हजार त्याच्याजवळ नसतात. यावर उपाय स्वस्त फोन लवकर मरू देणे हा नव्हे, तर स्वस्त फोनलाही किमान आयुष्याची अट घालणे हा आहे. गॅलेक्सी ए १६ च्या उदाहरणाने ते अशक्य नसल्याचे दिसले आहे. शिवाय सुरक्षा-अपडेट एकदा तयार झाले की ते आणखी एका फोनवर पाठवण्याचा खर्च नगण्य असतो.

दुसरा आक्षेप कामगार चळवळीतूनच येण्याजोगा आहे. फोन अधिक टिकले तर कमी विकले जातील आणि कारखान्यांतील रोजगार घटेल. हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु रोजगार वस्तूच्या अल्पायुष्यावर सुरक्षित राहतो, ही समजूत चुकीची आहे. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे नोकियाचा कारखाना २००६ साली सुरू झाला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. हजारो तरुण कामगार रस्त्यावर आले. नोकियाचे फोन फार टिकत म्हणून तो बंद पडला नाही. कंपनीचा फोन-व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकला गेला, कारखाना कराच्या वादात अडकला, आणि मागणीच निराळ्या फोनांकडे वळली. उलट दुरुस्तीचा धंदा पाहावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यापासून तालुक्याच्या बसस्थानकासमोरील टपरीपर्यंत हजारो कारागीर त्यावर जगतात. हा रोजगार परदेशी कंपनीच्या एका निर्णयाने उठून जात नाही. परंतु पडदा आणि काच एकत्र चिकटवून त्याचा एकच महाग ‘फोल्डर’ केला, सुटा भाग मूळ फोनच्या क्रमांकाशी जखडला, की हा कारागीर बेकार होतो. २०२१ साली आयफोन १३ चा पडदा बाहेरच्या कारागिराने बदलला तर चेहरा ओळखण्याची सोय बंद पडत असे. ओरड झाल्यावर अॅपलने अपडेट देऊन ते बदलले. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२४ च्या कायद्याने अशा जखडण्यावर बंदी घातली. तेव्हा टिकाऊपणाची मागणी रोजगाराच्या विरोधात नाही. ती कोणता रोजगार वाढावा याची मागणी आहे.

याचा अर्थ फोन घेताना तुलना करू नये असा नव्हे. तुलना अवश्य करावी, पण प्रश्न बदलावेत. सुरक्षा-अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार, हे कंपनीने लेखी जाहीर केले आहे काय? बॅटरी बदलण्यास किती रुपये पडतात आणि ते जिल्ह्याच्या गावी होते काय? पडदा फुटला तर नवा किती रुपयांत बसतो, आणि तो फोनच्या किमतीच्या किती हिस्सा आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलांपेक्षा अधिक काही सांगून जातात.

मात्र एकेकट्या ग्राहकाच्या शहाणपणाने हा प्रश्न सुटणार नाही. उत्तरे छापलेलीच नसतील तर तुलना कशाची करणार? म्हणून मागणी सार्वजनिकच असली पाहिजे. अपडेटची किमान वर्षे, बॅटरीची किमान क्षमता, सुट्या भागांची किमान मुदत आणि बाहेरच्या कारागिराला सुटे भाग व सॉफ्टवेअर मिळण्याचा हक्क या चार गोष्टी कायद्यात याव्यात, आणि शासन जे फोन स्वतः खरेदी करते त्यांच्या निविदांत त्या आजच याव्यात. निविदेसाठी संसदेच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. जेथे कामावर फोन सक्तीचा आहे, तेथे फोन, त्याची दुरुस्ती आणि डेटा यांचा खर्च मालकाने वा शासनाने उचलावा, हे कलम युनियनच्या मागणीपत्रात वेतनाच्या कलमाखालोखाल असले पाहिजे. अंगणवाडी सेविकांनी ते २०२१ सालीच लिहून ठेवले आहे. इतर क्षेत्रांतील संघटनांनी ते आपल्या मागणीपत्रांत उतरवून घेणे, एवढे काम बाकी आहे.